राजाचं टेंगूळ आणि धारदार कोपरा

“पाडा तो कोपरा!” शेंदूरगडचा राजा दुर्गसेन कपाळ धरून ओरडला.

“खबरदार, हात लावाल तर!” समोरच्या सज्जातून राणीसाहेब कडाडल्या.

नव्या वाड्याचा तो दगडी कोपरा म्हणजे राणीसाहेबांचा जीव की प्राण. तलवारीसारखी धार! पण त्याच कोपऱ्यामागे मुदपाकखाना. अनारशांचा वास आला की महाराज सुसाट सुटायचे आणि वळणावर कपाळ आपटायचे. आठवड्यात तीन टेंगळं!

धोंडाप्पा गवंड्याला बोलावणं गेलं. “कोपऱ्याची धारही राहिली पाहिजे आणि मला लागताही कामा नये. उद्या मावळतीपर्यंत! नाहीतर थापी ठेव आणि राज्याबाहेर चालता हो!”

धोंडाप्पा रात्रभर डोकं धरून बसला. त्याची लेक हौसा मात्र सकाळीच दोरी घेऊन वाड्यावर हजर!

“महाराज, टेंगूळ जरा दाखवता?”

“कशाला गं पोरी?”

“माप घ्यायचंय!”

हौसानं जमिनीपासून टेंगळापर्यंत दोरी धरली, गाठ मारली आणि वर बघून हाक दिली, “राणीसाहेब, तिथनं कोपरा कितीसा दिसतो हो?”

“वरचा अर्धा. खालचं सगळं कण्हेरीआड जातं. का गं?”

“काही नाही! बाबा, छिन्नी आणा!”

दुपारभर दगडाचा नुसता धुरळा उडाला. जमिनीपासून गाठीच्या हातभर वरपर्यंत बापलेकीनं कड तासली, घासली, लाटण्यासारखी गोल केली. त्याच्या वर मात्र धार होती तश्शी!

मावळतीला मुदपाकखान्यात मुद्दाम अनारसे तळायला घातले. वास सुटला, महाराज सुटले! वळणावर खांदा घासला आणि सुळ्ळकन पार!

“धार जशीच्या तशी आहे हो!” राणीसाहेबांनी वरून टाळी वाजवली.

“खरंच?” म्हणत महाराज वर बघत पुढं चालले आणि धप्प! पलीकडून प्रधानजी येत होते, तोंडात अनारसा, पुढं भलंमोठं पोट. महाराज मागं उडून धपकन खाली बसले. घाबरून कपाळ चाचपलं. टेंगूळ नाही!

“भिऊ नका महाराज,” हौसा म्हणाली, “तो कोपरा देवानंच गोल घडवून पाठवलाय!”

महाराज बसल्याजागी पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. “धोंडाप्पा, आजपासून तू राजगवंडी! आणि पोरीला अनारसे द्या रे ताटभर... प्रधानजींनी ठेवले असतील तर!”