पाठीच्या मांसाचा मान

फार जुनी घटना. वेळ भर दुपारची, ठिकाण ग्रीसच्या किनाऱ्यावरचा मेंढवाडा. तिथे शिकारीतलं पाठीचं मांस सर्वांत शूर राखणदार कुत्र्याला देण्याची रीत होती. त्या दिवशी ते कुत्र्यांच्या म्होरक्यानेच खाल्लं. त्या मांसाचा खरा मानकरी, थ्रासोन कुत्रा, रुसून समुद्राकाठी जाऊन बसला.

तेवढ्यात वाड्यात लांडगे शिरले. मेंढी त्याच्याकडे धावली. "थ्रासोनदादा, ऊठ! माझी कोकरं!"

"आधी म्होरक्याने माफी मागावी. इज्जतीचा प्रश्न आहे."

"तुकडाभर मांसाची इज्जत?"

ती म्होरक्याकडे पळाली. तो गुरगुरला, "मी माफी मागू? मग माझा मान काय राहिला?"

दोघांच्या स्वाभिमानाची गाणी कावळे अजून गातात. त्या दुपारी लांडग्यांनी पाच कोकरं नेली. तेव्हा दारावर पहारा कोणाचा होता, हे मात्र आजवर एकाही गाण्यात आलेलं नाही.