सुटलेला झेल

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा न्हावी होता. क्रिकेटमधलं त्याला फारसं काही कळत नसे. पण क्रिकेटपटू मानसिंग खोत म्हटलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. वर्तमानपत्रात आलेलं मानसिंगचं मोठं चित्र त्यानं आरशाशेजारी चिकटवलं होतं. सकाळी दुकान उघडलं की पहिली उदबत्ती त्यालाच. "आमचा मानसिंग," असं म्हणायचा, जसा काही सख्खा भाऊच.

एकदा मोठ्या सामन्यात मानसिंगच्या हातून सोपा झेल सुटला आणि सामना गेला. केरबाला रात्रभर झोप नाही. सकाळी आल्या आल्या त्यानं ते चित्र ओरबाडून काढलं, फाडलं, आणि वस्तऱ्यावरचा साबण पुसायच्या कागदांत टाकलं.

तेवढ्यात सिदूतात्या आले. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लेकीचं त्या दिवशी लग्न.

"जपून रे केरबा, आज व्याह्यांसमोर उभं राहायचंय."

केरबानं साबण लावला, वस्तरा चालवला. पण तोंड काही थांबेना. "एवढा सोपा झेल, तात्या! हाताला भोकं पडली होती का त्याच्या?" असं म्हणतो न म्हणतो तोच हात घसरला. तात्यांच्या गालावर लांब चीर पडली, रक्त आलं.

केरबानं हाताला लागलेल्या कागदानं गाल टिपला. ऐन लग्नाच्या दिवशी! आता तात्या उठून जातील, गावभर सांगतील.

तात्यांनी आरशात पाहिलं. म्हणाले, "तुरटी लाव. व्याह्यांना सांगू, मांजरानं ओरबाडलं."

"तात्या, उरलेली दाढी दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसरा कोण? तुझ्याच हाताखाली म्हातारा झालो मी. चल, उशीर होतोय." आणि तात्यांनी डोळे मिटून मान वर केली, गळा वस्तऱ्यापुढे धरला.

केरबा वस्तरा पुसायला गेला. हातातल्या कागदावर मानसिंगचा अर्धा चेहरा होता, साबणानं आणि रक्तानं माखलेला. केरबाला त्यावर वस्तरा पुसवेना. मान खाली घालून त्यानं वस्तरा आपल्याच मनगटावर पुसला.

तात्या गेल्यावर त्यानं ते तुकडे वेचले, खळ लावून पुन्हा भिंतीवर जोडले. डाग काही गेले नाहीत. कुणी विचारलं, "असलं फाटकं चित्र कशाला रे ठेवतोस?" की केरबा वस्तरा पट्ट्यावर घासत राही.

तात्पर्य: ज्याला आपला म्हटलं, त्याला एका चुकीपायी पायदळी तुडवू नये. आपल्याही चुका कुणीतरी मुकाट्यानं पोटात घातलेल्या असतात.