घराला होडी समजणारा नावाडी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पैलतीरी जायचे तर नावाड्याला हाक मारावी लागे.

अशाच एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी राहत असे. त्याने आयुष्यभर माणसे नेली, गुरे नेली, वऱ्हाडे नेली. कोणाच्या अस्थी मांडीवर घेऊन बसलेले मुके प्रवासीही नेले. आता त्याचे खांदे उतरले होते. होडी अंगणात पालथी पडली होती, आणि तिची सागवानी डोलकाठी पडवीत छपराखाली आडवी टांगलेली होती. नावाड्याची एकच इच्छा उरली होती. हातांना आता काम नको.

परंतु घर जुने होते. आणि जुने घर धन्याचे वय पाहून आपल्या मागण्या कमी करीत नाही.

जोते दगडाचे होते, भिंती मातीच्या. मागच्या भिंतीला ओल धरली होती. नेमके त्याच भिंतीशी नावाडिणीचे अंथरूण असे, कारण त्या लहानशा घरात चुलीची ऊब तेवढ्याच कोपऱ्यात पोचे. तिला खोकला होता, गुडघे धरले होते. रोज सकाळी ती भिंतीचा आधार घेऊन उठे, आणि रोज तिच्या तळव्याला ओली माती लागे.

"अहो, भिंत पुन्हा पाझरतेय," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी लिंपली होती की!"

"गेल्या वर्षी जेवलाही होतात."

नावाडी उठला आणि घरामागे गेला. पाणी कोठून येते हे त्याला शोधावे लागलेच नाही. चुलीची राख, कोंडा, केरकचरा, होडी खरवडल्याचा भुसा, सारे त्यानेच वर्षानुवर्षे मागच्या दारातून फेकले होते. दूर नेऊन टाकण्याचा त्याला कंटाळा येई. तो उकिरडा वाढत वाढत जोत्याच्या वर गेला होता आणि थकल्या पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसला होता. पागोळ्यांचे पाणी त्यात मुरे, आणि तेथून भिंतीत.

त्याने फावड्याकडे पाहिले. भरल्या पुरात ओढलेली वल्हीसुद्धा त्याला कधी इतकी जड वाटली नव्हती.

तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. 'होडीत पाणी आले, तर मी नदी उपसायला जातो काय? मी सांधी बुजवतो.' विचार त्याला फार आवडला. त्यात श्रम सर्वांत थोडे होते, हे त्याने स्वतःला सांगितले नाही.

त्याने तेलात राळ कढवली, आणि आतल्या बाजूने ती भिंतीवर चोपडू लागला. भेगांत काथ्या ठासला. होडीच्या तळाला करावे, तसेच सारे निगुतीने केले.

त्या वासाने भेगेतून एक म्हातारी पाल बाहेर आली.

"घरधनी, हे काय आरंभलंय?"

"भिंत बुजवतोय."

"ओल आत राहील ना!"

"राहू दे. आत राहिली म्हणजे आमच्या अंगावर येणार नाही."

"होडीचं पाणी बाहेर असतं, त्याला आत येऊ द्यायचं नसतं. या भिंतीचं पाणी आधीच आत आलंय, त्याला बाहेर पडू द्यायला हवं. मी भिंतीत राहते, मला विचारा."

"तू फुकट राहतेस, म्हणून तुला भेगांचा कळवळा."

"फुकट? आणि इतके डास कोणी खाल्ले?"

नावाड्याने तिची भेगही बुजवली. पाल छपराच्या वाशांत राहायला गेली.

भिंत तांब्यासारखी चमकू लागली. हात लावला तर कोरडी ठणठणीत. नावाडीण त्या रात्री कूस न बदलता झोपली, आणि सकाळी म्हणाली, "बरं केलंत हो." पुष्कळ वर्षांत असे शब्द त्याच्या वाट्याला आले नव्हते. अंगणातल्या पालथ्या होडीला टेकून तो उन्हात बसू लागला, आणि बसण्यातच ऋतू गेले.

भिंतीतले पाणी मात्र बसून राहिले नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली, तेव्हा ते वर चढले. जेथे छपराची तुळई भिंतीत रोवलेली होती, तेथवर. तुळईचे टोक हळूहळू मऊ झाले. मऊ लाकडाची वार्ता वाळवीला सांगावी लागत नाही.

घराने खुणा केल्या. दार चौकटीत अडकू लागले. नावाड्याने ते रंध्याने तासले. कोनाड्यावर तिरकी चीर गेली. त्याने तीत राळ भरली. प्रत्येक खुणेला तो कमीत कमी श्रमाचे उत्तर देत गेला.

एके दुपारी पाल छपराच्या कडेला येऊन म्हणाली, "घरधनी, तुळईचं टोक भाकरीसारखं कुस्करतंय. घरधनीणबाईंना अंथरुणावरून उठवा."

"उद्या बघतो," नावाडी डोळे न उघडता म्हणाला.

इतक्यात घरातून एक आवाज आला. दीर्घ, दाबून धरलेल्या कण्हण्यासारखा. नावाड्याने तो आवाज पुरात ऐकलेला होता. मोडण्यापूर्वी लाकूड असेच बोलते. हा आवाज उद्यावर टाकता येत नाही, हे त्याच्या हाडांना ठाऊक होते.

तो धावला. पडवीतली डोलकाठी ओढून त्याने तुळईखाली तिरपी घातली, खांद्याचा जोर लावून उभी केली, आणि तिला मिठी मारून तो ओरडला, "अगं, ऊठ! बाहेर हो!"

"मला का असं झटकन उठता येतं?"

"मग हळू ऊठ, पण ऊठ!"

ती नेहमीप्रमाणे भिंतीला धरून उठली. तो चमकदार थर सालीसारखा तिच्या हाती आला. आत माती नव्हती, चिखल होता. ती पडवीत पोचते न पोचते, तोच मागची भिंत बसली, आणि तिच्या अंथरुणावर उकिरड्यासकट पसरली. तुळई डोलकाठीवर अडून राहिली.

धुरळा नव्हता. सारे ओलेच होते.

नावाडिणीने विचारले, "पाणी कुठून येतं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"दमलो होतो गं."

"मीही दमले होते," ती म्हणाली. "पण त्या भिंतीशी मी झोपत होते."

नावाड्याने फावडे उचलले.

दोघे पालथ्या होडीच्या आडोशाला राहू लागली. जो उकिरडा आधी नुसता उपसायचा होता, तो आता भिंतीच्या चिखलासह उपसावा लागला. जोत्याचे दगड उघडे होईपर्यंत त्याने खोदले. पागोळ्यांचे पाणी घरापासून दूर जावे म्हणून चर काढला. मग दगड सुकेपर्यंत थांबला; श्रमांहून ते थांबणे त्याला कठीण गेले. नंतर भिंतीचीच जुनी माती वाळवून, चाळून, भाताचा पेंढा घालून मळली, आणि एक थर सुकल्यावाचून दुसरा चढवला नाही. राळेचे भांडे नावाडिणीने लपवून ठेवले होते; त्याने ते मागितलेही नाही.

तुळईचे कुजलेले टोक कापून उरलेली तुळई भिंतीत बसवताना पाल म्हणाली, "टोकाभोवती बोटभर जागा सोडा."

"तुझ्यासाठी?"

"वाऱ्यासाठी. मीही राहीन म्हणा."

त्याने जागा सोडली.

तुळई आता आखूड होऊन भिंतीत जेमतेम टेकत होती, म्हणून डोलकाठी तिच्याखालून कधीच निघाली नाही. ती घराच्या मधोमध उभी राहिली. येता-जाता नावाड्याचा खांदा तिला लागे, आणि होडी आता पुन्हा नदीत जाणार नाही हे त्याला रोज नव्याने कळे.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरला की तो घरामागे जाई, जोत्याशी साचलेली माती घमेल्यात भरून दूर टाकी, चर मोकळा करी, भिंतीची गेलेली माती मातीनेच भरून काढी. हात दुखत. काम थोडेच असे.

"संपलं का?" नावाडीण आतून विचारी.

"यंदापुरतं," तो म्हणे, आणि फावडे धुऊन दाराआड ठेवी.

तात्पर्य: पाणी कोठून येते हे जाणूनही जो केवळ ओल झाकतो, त्याला टाळलेले काम पुढे पडलेल्या भिंतीसकट करावे लागते.