गुळवेलीची बिऱ्हाडकरू

डोंगरावर माणसं नुकती राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. एका गुळवेलीच्या खोडात बुरशी राहायची. तिच्या वळवळीने वेलीला घटकाभर चैन पडत नसे.

"चालती हो!" वेल एकदा कडाडली.

"अगं, तुझा कडूपणा मीच तर घडवते," बुरशी कळवळली.

"मी जन्माचीच कडू आहे!" म्हणत वेलीने तिला रस देणं बंद केलं. बुरशी वाळून गेली.

काही दिवसांनी औषधं देणारी ठमाबाई धापा टाकत आली. तिने रीतीप्रमाणे वेलीपुढे तांदूळ ठेवले. "लेकीचा ताप उतरत नाही गं. तुला न्यायला आलेय." मग तिने खोडाचा तुकडा चावून पाहिला. तोंड कडू झालंच नाही.

"ही नव्हे ती," म्हणत तिने तांदूळ उचलले आणि ती पुढच्या वेलीकडे धावली.

"अगं, आहेस का?" वेलीने घाबरून आत हाक मारली.

आत हवी होती तशीच शांतता होती.