वीर झालेला शिपाई

गोष्ट तशी अलीकडची. खेळणी घडवणाऱ्या एका कारागिराच्या फळीवर प्लास्टिकचा शिपाई आणि कापडी माकडीण शेजारी राहत. शिपायाला कुणी विचारत नसे. चित्रकथांतल्या, सिनेमातल्या वीरांची खेळणी मात्र घरोघरी जात.

"मलाही वीर करा," शिपायाने कारागिराला विनवलं.

"अरे, तुझं काही शिल्लक राहायचं नाही," माकडीण म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

कारागिराने त्याचे हात बदलले, चेहरा तासून नवा कोरला, अंगाला निळा रंग दिला. रंग वाळताच तो हौसेने माकडिणीपाशी गेला.

ती अदबीने बाजूला सरकली. "महाराज, आमचा शिपाई कुठे दिसला का?"

"अगं, मीच तो."

"गरिबाची थट्टा करू नका."

सकाळी त्याला समोर काच असलेल्या खोक्यात भरलं. काचेआडून त्याला दिसत होतं, माकडीण प्रत्येक खेळण्याला शिपायाबद्दल विचारत होती.