सुरईचा रंग

पूर्वी भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. गिरजाक्का कुंभारीण चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडी घडवायची. भट्टीच्या दिवशी एक सुरई अडून बसली. "अक्का, मला नको गं आगीत घालू. माझा रंग काळवंडेल."

"राहा बाई तशीच," अक्का म्हणाली.

बाजारात सुरई भाजलेल्या मडक्यांना हसली, "तोंडं कुठं काळी करून आलात?"

तेवढ्यात एक बाई आली. वाजवून घ्यायची रीतच, म्हणून तिनं एकेकाला टिचकी मारली. मडकी खणखणली, सुरई नुसतीच भद्द वाजली.

"ही कच्ची. पाणी भरलं की चिखल," म्हणत बाई मडकं घेऊन गेली. बाजार उठला तेव्हा सुरई तेवढी उरली.

पुढच्या भट्टीत ती मुकाट्यानं बसली आणि सगळ्यांत काळी होऊन निघाली. आता भेटेल त्याला सांगते, "हा रंग आमच्या घराण्यातलाच, हो!"