जिला भुई पेलेना

एका राज्यात एक राजकन्या होती, आणि तिला भुई पेलत नव्हती. नाव तिचं वसुमती. वसुमती म्हणजे पृथ्वी. पण पृथ्वीला तिच्या पावलाची ओळख नव्हती.

त्याचं असं झालं. तिच्या पित्याने, राजा अरिंदमाने, नवा महाल बांधला. त्याची फरशी अशी गुळगुळीत की तीत वरचं आकाश दिसावं. राजा पाहुण्यांना आधी फरशी दाखवी, मग सिंहासन. वसुमतीच्या बारशाला धूमा नावाची मांत्रिकीण दारात आली. चिखल तुडवत आली होती, पायरीवर तिचे ठसे उमटले. राजा म्हणाला, "तिथेच थांबा. फरशी मळेल."

धूमा थांबली. तिने आपल्या पायांकडे पाहिलं, मग राजाकडे. "माझ्या पायांनी तुझी भुई मळते, राजा? तुझ्या लेकीच्या पायांनी ती फुटेल. हीच नव्हे, कुठलीही. एखादी भुई आपण होऊन, अट न घालता तिला 'ये' म्हणेल, तोवर तिचा तळपाय टेकायचा नाही."

एवढं बोलून ती निघून गेली. कुणी ते मनावर घेतलं नाही. पण मूल पहिल्यांदाच धरून उभं राहिलं, त्याचे तळपाय टेकले, आणि पायाखालची फरशी काचेसारखी तडकली. तडा सिंहासनापर्यंत धावत गेला. येसूदाईने झडप घालून मूल उचललं. त्या दिवसापासून तिने ते खाली ठेवलं नाही.

ही येसूदाई डोंगराकडची, हाडापेराने मजबूत. तिने वसुमतीला कडेवर वागवलं, मोठी झाल्यावर पाठीवर वागवलं. बागेत, देवळात, नदीवर, सगळीकडे. राजकन्येने जग पाहिलं ते येसूदाईच्या खांद्यावरून. झोपाळ्यावर बसावं, पलंगावर निजावं, आणि मधलं सगळं अंतर दाईच्या पायांनी कापावं, असं तिचं बालपण गेलं, तारुण्य आलं.

एके सकाळी जिना चढताना येसूदाई मध्येच थांबली. भिंतीला हात टेकून उभी राहिली. वसुमतीला तिच्या पाठीची थरथर जाणवली.

"दाई, काय झालं?"

"काही नाही, बाळ. जरा दम खाते."

पण राजवैद्याने तिचे गुडघे दाबून पाहिले आणि मान हलवली. म्हणाला, "आणखी एक पावसाळा हे ओझं वाहिलं, तर ही बाई पुन्हा उभी राहायची नाही."

ओझं हा शब्द वसुमतीने ऐकला. ती दिवसभर झोपाळ्यावर बसून राहिली, जेवली नाही. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर एक टिटवी येऊन बसली.

टिटवी म्हणाली, "राजकन्ये, आम्ही घरटं बांधत नाही. उघड्या भुईवर अंडी घालतो. भुईची पारख आम्हाला आहे. तुझ्या पित्याने एकच फरशी जाणली. तुला 'ये' म्हणाल का, असं तू तिघांना विचार. पांढऱ्या डोंगरात संगमरवर आहे, दाट रानात सागवान आहे, कोरड्या नदीच्या पात्रात काळा पाषाण आहे."

"मी विचारायला जाऊ कशी? जाईन तर दाईच्याच पाठीवरून."

येसूदाई दारात उभी होती. तिने पदर खोचला आणि पाठ वळवली. "चल, बस. शेवटचा प्रवास असला तरी कामाचा होऊ दे."

टिटवी पुढे, त्या दोघी मागे, अशा त्या निघाल्या.

पांढऱ्या डोंगराच्या पोटात एक दालन होतं. जमीन दुधासारखी, तिच्यातून निळ्या शिरा वाहत होत्या, आणि बाहेर ऊन भाजत असताना आत गारवा होता. वसुमती पाठीवरून वाकली आणि तिने हाताने जमीन चाचपली. जमीन बोलली. आवाज बाईचा, हळू.

"राजाची कन्या का? तुझ्या बापाच्या महालात माझ्या बहिणी आहेत. तू ये. मी तुला पेलीन. ह्या दालनात तू चालशील, नाचशील."

 आजवर कुणी तिला चाल म्हटलं नव्हतं.

"पण एकटी ये," संगमरवराची ती जमीन म्हणाली. "मला डाग सोसत नाहीत. हळद सांडली तर ती माझ्यात कायमची राहते, आणि चिंचेच्या पाण्याने माझी कांती जाते. ओल्या पायाने कुणी आलं तर मी त्याला पाडते, तो माझा स्वभावच आहे. ह्या बाईच्या टाचांना भेगा आहेत, भेगांत माती आहे. ती बाहेर राहील."

येसूदाई लगबगीने म्हणाली, "राहीन की! मी दारात बसेन. तू जा, बाळ, उतर."

ती खरंच गुडघे वाकवून खाली बसू लागली. वसुमतीने तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं. मातीच्या त्या भेगा तिने जन्मभर पाहिल्या होत्या, पण आज प्रथमच नीट पाहिल्या. तिने दाईच्या गळ्यातले हात घट्ट केले.

"आई," ती संगमरवराला म्हणाली, "तू सुंदर आहेस, आणि तू लपवाछपवी न करता सांगितलंस. तुझे उपकार. पण जिथे ही नाही, तिथे मी येऊन काय करू?"

 मग आवाज आला, "लोक माझी स्तुती करतात. उपकार कुणी मानले नव्हते." आणि भिंतीतून पांढऱ्या दगडाची एक पातळ चीप निखळून वसुमतीच्या ओंजळीत पडली.

दाट रानात सागवानाचा राजा राहत होता. त्याचं घर फळ्यांचं, रंग मधासारखा. येसूदाईने उंबरा ओलांडला आणि तिचा चेहराच बदलला. "अगो बाई," ती पुटपुटली, "गुडघ्यांना बरं वाटतंय इथे." फळ्या पावलाखाली किंचित दबत होत्या, ऊब देत होत्या.

सागवान म्हणाला, "दोघींनी या. मातीचे पाय आणा, भेगांचे आणा, मला चालतात. ओरखडा पडला तर तासून घेईन. फक्त पाणी आणू नका."

"दोघींनी म्हणालात?" येसूदाईने विचारलं, आणि तिला रडू फुटलं. एवढ्या वर्षांचं रडू ते, आवरेना. आसवं टपटप फळीवर पडली. फळी फुगली, तिची कड वर उचलली गेली, शेजारची करकरली.

"पाणी!" सागवान ओरडला. "पाणी नको म्हणालो ना! मी फुगतो, कुजतो, मग वाळवी येते!"

"पण राजेसाहेब, ते आनंदाचं होतं," वसुमती म्हणाली.

"मला दोन्ही पाण्यांतला फरक कळत नाही, मुली." तो ओशाळला होता. वसुमतीने आपल्या ओढणीने ती फळी हळूच पुसली, कोरडी होईतो पुसत राहिली. म्हणाली, "हिच्या गुडघ्यांना तुम्ही घटकाभर सुख दिलंत. ते मी विसरणार नाही." निघताना त्याने एक फळी दिली.

आणि काळा पाषाण. तो कोरड्या नदीत उताणा पडून होता, खडबडीत, सपाट, ऊन खात. त्याने विचारलंच नाही कोण आलं म्हणून.

"ये. पाणी आण, चिखल आण, बैल आण. चूल मांड, धुणं बडव. मी डागत नाही, फुगत नाही. तुझ्या नातवंडांची नातवंडं माझ्यावर चालतील."

"तुमची अट काय?" वसुमतीने विचारलं. आता तिला विचारायची सवय झाली होती.

"पडू नकोस. मला मऊ होता येत नाही. तांब्या पडला तर चेपेल, माणूस पडला तर हाड मोडेल. थंडीत माझ्यावर निजशील तर आखडशील. दिवसभर उभी राहशील तर पाय भरून येतील. त्याला माझा इलाज नाही."

वसुमती विचारात पडली. जी कधी चालली नाही, ती पडल्यावाचून चालायला शिकणार कशी? आणि दाईचे गुडघे?

"पाषाणदादा," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना दार उघडं ठेवलंत. हे माझ्या बापालाही जमलं नाही. मी तुमची ऋणी आहे."  पाषाणाच्या कडेची एक लादी आपोआप सुटली.

तिघांना विचारून झालं होतं. चीप, फळी आणि लादी पाठीशी बांधून त्या परत फिरल्या. टिटवीकडेही आता सांगायला चौथी भुई नव्हती. माळावर एका झोपडीपाशी येसूदाईचे गुडघे गेले. ती कोसळली, पण कोसळतानाही वसुमतीचे पाय वर राहतील अशीच कोसळली.

झोपडीतून एक म्हातारी आली. तिने दोघींना ओढत आत नेलं, येसूदाईच्या तोंडात पाणी घातलं, गुडघ्यांना कढत तेल चोळलं. हळूहळू येसूदाईने डोळे उघडले. तेव्हा कुठे वसुमतीने आजूबाजूला पाहिलं. झोपडीला भुईच नव्हती. नुसत्या भेगा, खड्डे, ढेकळं. चूल तिरकी, रांजण कलंडलेला, म्हातारीचं अंथरूण दगडांवर.

"आजी, हे असं कसं?"

"फार वर्षं झाली, पोरी. सारवते, रात्रीत फुटतं."

"तू माझ्या दाईला पाणी दिलंस. मला तुझी भुई करू दे."

वसुमतीने तळपायांना फडकी गुंडाळली, ते मागे उचलून धरले, आणि गुडघ्यांवर, कोपरांवर सरकत कामाला लागली. चीप ठेवली तशी चिपेतून चीप उगवली, लादीतून लादी, फळीतून फळी, लागतील तेवढ्या. संगमरवर तिने हौसेने चुलीपाशी घातला. म्हातारीच्या हातून आमटीची वाटी कलंडली, चिंचेचं पाणी पसरलं, आणि पांढरी कांती तिथल्या तिथे मेली. वसुमतीला रडायला आलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगितलं होतं तिने मला."

मग तिने सगळं उचललं आणि विचार करून पुन्हा मांडलं. चुलीपाशी, रांजणाखाली आणि दारात काळा पाषाण. म्हातारीच्या अंथरुणाखाली सागवान, त्याच्या नि रांजणाच्या मध्ये पाषाणाची उंच कड, की पाणी पलीकडे जाऊ नये. देवाच्या कोनाड्यापुढे, जिथे फक्त दिवा ठेवायचा, तिथे संगमरवराचा लहानसा चौक. हातांना फोड आले, कोपरं सोलवटली. येसूदाईला तिने सरकवत सरकवत त्या फळ्यांवर निजवलं.

तेव्हा संगमरवराचा आवाज आला, "इथे मला डाग लागायचा नाही."

सागवान म्हणाला, "इथे पाणी येत नाही."

पाषाण म्हणाला, "पडायचं झालं तर फळ्यांवर पड. मी दार सांभाळतो."

आणि तिघे एका आवाजात म्हणाले, "ये."

वसुमती घाबरली. अट येईल म्हणून वाट पाहत राहिली. अट आली नाही. तिने फडकी सोडली, सागवानाच्या फळीवर एक तळपाय टेकला, मग दुसरा. काही तडकलं नाही. पायाखाली ऊब होती, आणि लाकडाची रेघन् रेघ तिच्या कातडीला कळत होती. ती उभी राहिली, डगमगली, आणि धपकन पडली. फळ्यांनी तिला झेललं.

म्हातारी दारात बसून रडत होती. "मीच धूमा," ती म्हणाली. "शाप रागाने दिला, परत घेता येईना. त्याच दिवशी माझीही भुई फुटली. आता मला काय शिक्षा देणार ती दे."

वसुमती रांगत तिच्याजवळ गेली. "दाई कोसळली होती, तेव्हा तू पाणी दिलंस. माझ्याकडे तुला द्यायला एवढंच आहे: तुझे उपकार मानते." तिने धूमाचा हात धरला. त्या हाताच्या आधाराने ती पुन्हा उभी राहिली.

तिला चालता येऊ लागेपर्यंत त्या तिथेच राहिल्या. मग तिघी महालाकडे निघाल्या. येसूदाई काठी टेकत, वसुमती अडखळत, धूमा मध्ये दोघींना धरून. वाटेत पाऊस लागला. राजा अरिंदम महालाच्या दारात आला, आणि त्याने आपली लेक आपल्या पायांवर उभी पाहिली, चिखलाने माखलेल्या पायांवर. तिच्याबरोबरच्या म्हातारीलाही त्याने ओळखलं. ती पायरीखाली थांबली होती.

 राजा पायऱ्या उतरला. "पाय पुसू नका," तो म्हणाला. "तशाच आत या." आणि धूमाचे चिखलाचे ठसे त्या आकाशासारख्या फरशीवरून सिंहासनापर्यंत गेले. सिंहासनापर्यंतचा तडा त्या ठशांमागोमाग मिटत गेला.

वसुमतीने येसूदाईसाठी बागेत घर बांधायला घेतलं. विचारलं, "दाई, भुई कशाची करू?" येसूदाई म्हणाली, "निजायला सागवान कर, माझ्या गुडघ्यांसाठी. न्हाणीला काळा दगड, खडबडीतच राहू दे, पाय घसरायला नको. बाकी तुझी हौस." तसंच घर झालं. येसूदाई पाय पसरून फळ्यांवर बसली, पाठीवर काही नाही, कडेवर काही नाही. तिला चुकल्यासारखं होऊन ती उगाच पदर सावरत होती.

तेवढ्यात अंगणातून वसुमती धावत आली. नुकतीच धुतलेली ओली लादी, आणि ती वाऱ्यासारखी, केस मोकळे.

"अगं, हळू!" येसूदाई ओरडली. "पडशील!"

वसुमती दारातच थबकली. साऱ्या जन्मात हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. तिने येसूदाईकडे पाहिलं आणि येसूदाईने तिच्याकडे.

"दाई," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण."

ज्यांनी हे ऐकलं त्यांच्या पायांखाली भुई सुखाची राहो, आणि त्यांना 'हळू' म्हणणारं घरात कुणी असो.